बैलाच्या पायाखालची गाडी

जुनी गाडी विकत घ्यायला आलेला माणूस दोन गोष्टी हमखास करतो. आधी दार जोरात लावून आवाज ऐकतो. मग बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबतो आणि जाणकारासारखी मान हलवतो. त्या दाबण्यातून त्याला काय कळतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण दाबून सोडलेली गाडी वर येऊन गप उभी राहिली पाहिजे, एवढं खरं. ती डुलत राहिली तर ते गिऱ्हाईक आज ना उद्या माझ्याकडं यायचं.

परतवाड्यात अंजनगाव रस्त्याला माझं गॅरेज. आता तिथं भाचा बसतो, कारण गाडीखाली सरकणं माझ्या पाठीला झेपत नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि कोणी विचारलं तर बोलतो. कमानी आणि शॉकअप, जन्मभर हे एवढंच काम केलं. इंजिनाला हात लावला नाही. लोक म्हणायचे, सत्तारमिस्त्री, इंजिन शिका, त्यात मान आहे. असेल. मला गाडी पळते कशी यापेक्षा ती टेकते कशी, याचंच कुतूहल जास्त होतं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगतो. खड्ड्याचा धक्का झेलते ती कमान, म्हणजे चाकाच्या दांड्यावर बसवलेले पोलादी पाटे. कमान धक्का झेलते खरी, पण तिला थांबायचं कळत नाही. पाळणा एकदा ढकलला की झुलतच राहतो, तशी ती गाडीला झुलवत राहते. ते झुलणं शमवायला शॉकअप लागतो. एक नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. गाडी उडाली की दट्ट्या तेलात रेटला जातो, तेल त्या भोकांतून चेपत चेपत जातं आणि गाडीची उडी तिथंच जिरते. जिरते म्हणजे तिची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यानं धावून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागला पाहिजे. थंडगार लागला तर समजावं, हा मेलेला आहे, नुसता लटकतो आहे.

मेळघाटाच्या पायथ्याशी धंदा असल्यानं गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. अकोल्याचा एक अंड्यांचा व्यापारी यायचा. त्याला अशी गाडी हवी होती, की तो घाटातून उतरेल आणि एकही अंडं फुटणार नाही. मी त्याला म्हटलं, "शेठ, अंडी उकडून न्या." तो रागावून गेला आणि पुढच्या महिन्यात परत आला. एका बँडवाल्याला गाडी जास्त हलायला हवी होती, कारण गाडी हलली की वरचा गाणारा नाचतोय असं वाटतं, म्हणे.

अलीकडं गाडी उचलून घ्यायची हवा आली. पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात. वाळवंटातली कुठली तरी पिकअप, हत्तीसारखे टायर, बॉनेट माणसाच्या छातीला. "अशी करून द्या, चाचा." आरटीओच्या नियमात त्यातलं किती बसतं हा निराळाच विषय. करायला फार अवघड नाही. कमान आणि दांडा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे, एखादा जास्तीचा पाटा चढवायचा, टायर मोठे बसवायचे. गाडी वर जाते आणि पोरगा खूश होतो. अशाच एका गाडीत नवरीला बसवायला मांडवातून स्टूल आणावं लागलं होतं, तेही मी पाहिलं आहे.

पण वैशाली जी गाडी घेऊन आली ती हौसेनं उचललेली नव्हती.

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडच्या एका गावातली ही बाई, तिशीची असेल. पुरुषोत्तमभाऊंची एकुलती मुलगी. लग्न गावातच झालेलं, नवरा औषधांच्या दुकानात नोकरीला. शेत आणि गाडी हिच्याकडं. पिकअप ती स्वतः चालवायची. संत्रा, सोयाबीन, कापूस, जे असेल ते नेऊन घालायची. त्या दिवशी तिनं गाडी गॅरेजसमोर लावली, खाली उतरली आणि नमस्कार करून म्हणाली, "चाचा, ह्या गाडीत आमचा बैल पडला. आता तो गाडीत चढून नाई राहिला. काही होते का पाहा."

मी म्हटलं, "बैलाचं काम मी नाही करत, बेटा. जनावरांच्या डॉक्टरकडं जा."

"बैल बरा हाये," ती म्हणाली. "गाडी बिमार हाये."

मग तिनं सगळं सांगितलं. पुरुषोत्तमभाऊंना शंकरपटाचा नाद. बैलजोड्यांची ही शर्यत मधली कित्येक वर्षं बंद होती. पुन्हा सुरू झाली तेव्हा भाऊंनी एक गोऱ्हा घेतला आणि मुलासारखा वाढवला. नाव पाखऱ्या. पांढरा, अंगानं सडपातळ, कान सतत टवकारलेले. दुसऱ्या गावच्या एका बैलाशी त्याची जोडी जमली होती आणि चार गावांत नाव व्हायला लागलं होतं. अकोटच्या बाजूच्या एका पटाहून परत येताना रस्त्याचं काम सुरू होतं म्हणून गाडी कच्च्या वळणरस्त्यावर घातली. एका खड्ड्यात गाडी डावीकडं कलली, उजवीकडं कलली, पुन्हा डावीकडं, आणि मागं धाडकन आवाज झाला. पाखऱ्या गुडघ्यांवर पडला होता. त्याचं सगळं ओझं वेसणीच्या दोरावर आलं आणि नाक फाटलं. वैशालीनं गाडीच्या मागच्या हौद्यात चढून विळ्यानं दोर कापला, तेव्हा त्याला मान खाली टेकवता आली.

"वेसणीला कशाला बांधला होता?" मी विचारलं. "गाडीत नाकाला नाही, तोंडावरच्या म्होरकीला बांधतात. आणि दोर ढिला ठेवतात."

तिनं नजर गाडीकडं वळवली. "बांधला कोनीतरी," म्हणाली. "गर्दी होती."

मी गाडीखाली गेलो. तेव्हा जात होतो. अमरावतीच्या कुठल्या तरी दुकानात उचललेली गाडी होती आणि लोखंडाचं काम नीट केलेलं होतं. पण शॉकअप जुनेच ठेवले होते. गाडी वर गेली, शॉकअपची लांबी तेवढीच राहिली. मोठ्या भावाला धाकट्याचा सदरा घातल्यावर हात वर केला की शिवण उसवते, तसं. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप पुरा ताणला जाऊन ठोका बसायचा. ते ठोके खाऊन एकाचं बूड गळत होतं. मी तिला म्हटलं, "हात लाव." तिनं लावला. उजवा गरम होता, डावा थंड.

"हा मेला," मी म्हटलं. "म्हणून गाडीचा एका बाजूला जास्त झोक जातो. सरळ उपाय सांगू? ठोकळे काढ, गाडी खाली आण. उंच गाडी झोक खाणारच. उंट काय अन् शेळी काय, कोण जास्त डुलतं?"

"खाली नाई आणता येत, चाचा."

"का?"

"आमच्या वावराचा रस्ता पावसाळ्यात पाहाले या मंग."

त्याच्या आदल्या पावसाळ्यात भाऊंना वावरात साप चावला होता. वैशाली त्यांना घेऊन निघाली आणि काळ्या मातीत गाडी पोटावर बसली. आमची ही माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. कोरडी असते तेव्हा भेगा पडतात, त्यात मनगट जातं. ओली झाली की ती चाकाला धरते आणि सोडत नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येईपर्यंत ती बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. माणूस वाचला. पण दिवाळी होताच तिनं गाडी उचलून घेतली, कोणाला न विचारता.

"बाबाले तवाच पटलं नव्हतं," ती म्हणाली. "उंच गाडी शायनिंगवाल्यांची असते म्हने. आता बैल पडल्यापासून माह्याशी बोलत नाईत. जेवाले वाढलं तर जेवतात. पन बोलत नाईत. पाखऱ्याले विकतो म्हनतात. पटाचा बैल गाडीत चढत नसंल तर ठेवून काय करू, असं आईजवळ म्हनले."

मी म्हटलं, "पाहू."

आता इथं माझी जरा फजिती झाली. मी काम मन लावून केलं, नागपूरहून लांब, जाड नळीचे, गॅस भरलेले शॉकअप मागवले. चाक पुरं लटकवून माप घेतलं आणि पुरं वर दाबूनही घेतलं. कारण शॉकअप आखूड असला तर ताणून मरतो आणि फाजील लांब असला तर दबून मरतो. जुन्या जागी ते बसेनात, म्हणून चेसिसला नवे कान, म्हणजे शॉकअप अडकवायच्या पट्ट्या, वेल्ड केले. मग हौद्यात बैलाच्या वजनाची वाळूची पोती टाकून धारणी रस्त्यानं चक्कर मारली. गाडी पहिल्यापेक्षा लाख पटीनं बरी झाली होती. डुलणं थांबलं होतं. मी खूश होऊन वैशालीला फोन केला.

गाडी घेऊन आम्ही तिच्या शेतात गेलो. पुरुषोत्तमभाऊ गोठ्यापाशी उभे होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पंचा. मला रामराम केला, मुलीकडं पाहिलं नाही. गाडी उंच झाल्यापासून बांधाला लावून बैल चढवता येत नव्हता, म्हणून वैशालीनं फळ्यांचा उतार करून घेतला होता. पाखऱ्याला उतारापाशी आणलं. त्यानं फळीला नाक लावलं. त्या नाकावर अजून खपली होती. मग चारही पाय रोवले आणि अंगभर थरथरला. भाऊंनी हिसका दिला नाही, काठी उचलली नाही. त्याला वळवला आणि परत गोठ्यात नेऊन बांधला.

येऊन मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी चांगलं काम केलं असंल. पन गाडी कशी हाये ते त्याले मालूम हाये. तुमाले नाई."

मला राग आला. खरं सांगायचं तर बोलणं टोचलं म्हणून राग आला. मी चपला काढल्या, हौद्यात चढलो आणि वैशालीला म्हटलं, "चल घे. त्या वावराच्या रस्त्यानं घे. मी कशाला धरणार नाही."

"चाचा, पडसान."

"घे म्हणतो ना."

गाडी हलली आणि पहिल्याच चाकोरीत मी बुडावर आपटलो. उठलो. पुन्हा आपटलो. पण त्या आपटण्यात मला जे कळलं ते वाळूच्या पोत्यांनी कधी सांगितलं नसतं. पोत्याला पाय नसतात. ते पडूनच असतं. मोठा झोक आता जात नव्हता, हे खरं. पण बारीक बारीक धक्के थेट तळपायाला येत होते. शॉकअप कडक, वर अमरावतीवाल्यांनी चढवलेला जास्तीचा पाटा कडक. हौद्याची जमीन सारखी पायाला मारत होती आणि पाय कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. केबिनमध्ये गादीवर बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही. इतकी वर्षं मी चालवणाऱ्यालाच विचारत आलो, गाडी कशी वाटते. मागं उभं राहणाऱ्याला विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

मी तिसऱ्यांदा पडलो तेव्हा कोणीतरी हसलं. भाऊ बांधावर उभे होते. त्यांनी हात वर करून गाडी थांबवली. म्हणजे मला खूण केली आणि मी वैशालीला सांगितलं.

"बैल असा नाई उभा राहत," ते म्हणाले. "तुमी पाय जोडून उभे हा, सलामी दिल्यावानी. तो मागचे पाय फाकवते, मान खाली घालते. अन् अंग टाकाच्या आधी पायानं जमीन पाहून घेते. तुमच्या गाडीत पाहाले टाइमच भेटत नाई."

"मग तुम्हीच या," मी म्हटलं. "दाखवा."

ते त्या गाडीला हात लावणार नाही असं बोलून बसले होते, हे मला वैशालीनं नंतर सांगितलं. तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला, फळीवरून वर आले आणि पायातल्या वहाणा काढून कोपऱ्यात ठेवल्या.

दोन म्हातारे पिकअपच्या हौद्यात, पाय फाकवून, कंबर वाकवून, बैलासारखे उभे आहेत आणि पुढं एक बाई गाडी चालवते आहे. आजूबाजूच्या वावरांतून निंदणाऱ्या बाया उभ्या राहून पाहायला लागल्या. एक ओरडली, "भाऊ, पटात आता तुमीच पळता का?" भाऊ डोळे मिटून उभे होते. तळपायानं ऐकत होते म्हणा ना.

मी गाडी परत गॅरेजला नेली. जास्तीचा पाटा काढला. ठोकळे तसेच ठेवले, म्हणजे उंची फारशी गेली नाही, कडकपणा गेला. मागचे शॉकअप आतल्या बाजूला तिरपे बसवले होते, ते चाकांजवळ, जवळपास सरळ उभे केले, कारण गाडी कलताना चाकाजवळचा शॉकअप तिला लवकर धरतो. आणि ते गॅसचे परत देऊन दुसरे आणवले. यांना खाली एक गोल खटका असतो, तो फिरवून शॉकअप नरम किंवा कडक करता येतो. हौशी लोक डोंगरात गाड्या चढवतात त्यांच्यासाठी केलेली ती वस्तू. मी ती बैलासाठी लावली. दुकानदारानं फोनवर दोनदा विचारलं, नक्की कोणासाठी.

पुन्हा शेतात गेलो. पुन्हा दोघं हौद्यात. एक फेरी झाली की मी खाली उतरायचो, गाडीखाली हात घालून खटका फिरवायचो आणि वर यायचो.

"कसं?"

"उजवा मागचा अजून मारते."

पुन्हा खाली. पुन्हा वर.

"आता?"

"आता बरा. पन थांबते तवा पुढं ढकलते. सांगा तिले, दमानं थांबव म्हना."

मी खिडकीशी वाकून सांगितलं, "वैशाली, बाबा म्हणतात दमानं थांबव." ती हो म्हणाली. ती आणि भाऊ यांच्यामध्ये हातभर अंतर आणि एक काच होती, आणि निरोप माझ्यामार्फत जात होते.

एका फेरीत गाडी नाल्याच्या काठाशी आली, तेव्हा वैशाली रस्ता पाहायला उतरून पुढं गेली. आम्ही दोघंच हौद्यात. भाऊ कडेच्या लोखंडी कडीकडं पाहत होते. बोट लावून म्हणाले, "अठी बांधला होता."

मी कडीकडं पाहिलं.

"म्याच बांधला होता," ते म्हणाले. "पटावर लय उधळला होता तो. मले वाटलं गाडीतून उडी मारंल. वेसणीले बांधला, आखूड बांधला. ती म्हनत होती, बाबा ढिला द्या. म्या आयकलं नाई." मग म्हणाले, "तिनं कोनाले सांगितलं नाई. तिच्या आईलेही नाई. तुमाले सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं. "बांधला कोणीतरी, म्हणाली."

त्यांनी पंचा काढून तोंड पुसलं. "म्हनून तिच्याकडं पाहाले जमत नाई," ते म्हणाले. "राग नाई हो मिस्त्री. राग असता तर कवाच बोललो असतो."

मुलगी येताना दिसली. ते पुन्हा पाय फाकवून उभे राहिले.

त्या दिवशी खटके जिथं लागले तिथं मी पांढऱ्या रंगानं खूण करून ठेवली. ती अजून आहे.

पाखऱ्याला गाडीत आणायला आणखी वेळ लागला आणि तो भाग माझा नव्हता. भाऊंनी गाडी गोठ्यासमोर उभी करायला लावली. हौद्यात रबराची चटई घातली, वर कुटाराचा, म्हणजे भुशाचा थर दिला. रोज संध्याकाळी त्याचं खाणं उतारावर ठेवायचे, दर वेळी थोडं वर सरकवून. स्वतः आत बसून राहायचे. एके दिवशी तो पुढचे पाय हौद्यात घालून सरकीची ढेप खात होता म्हणे, आणि खाता खाता मागचे पायही आले. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी फळ्या काढल्या नाहीत. तो खाऊन आपण होऊन उतरला. असं काही दिवस चाललं. विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

लोक मला विचारतात, मग पाखऱ्या पुढं पट जिंकला का? नाही जिंकला. नाकाची जखम भरून आली, पण पुन्हा वेसण घालायला भाऊंचा हात धजेना. म्होरकीवरच पळवायचं ठरलं. म्होरकीवर पळणारा बैल आखलेल्या पट्टीत राहील याचा भरवसा नसतो. पाखऱ्या वेगात कमी नव्हता, पण ऐन वेळी बाहेर जायचा. एक हंगाम त्याला पळवला आणि मग वावरात ठेवला. आता वखराला चालतो. त्याचं मला वाईट वाटतं. गाडी दुरुस्त होते, तिचं सगळं पुन्हा बसवता येतं. जनावराचं तसं नसतं. माझ्या हातानं जेवढं सुधारण्यासारखं होतं तेवढं सुधारलं. फाटलेलं नाक त्यात नव्हतं.

पण त्याची पहिली फेरी सांगायची राहिली.

तो पुन्हा पळायला लागण्याच्या आधी एकदा गाडीची नीट परीक्षा घ्यायची होती. मी म्हटलं, परतवाड्याला चक्कर मारून येऊ, रस्ता चांगला आहे. भाऊ म्हणाले, "अकोटले जाऊ. तो पडला त्याच रस्त्यानं." मी वैशालीकडं पाहिलं. तिनं चटकन गाडीची चावी घेतली.

सकाळची वेळ होती. पाखऱ्या चढला. भाऊंनी त्याला म्होरकीला बांधला आणि दोर इतका ढिला सोडला की त्याला खाली मान घालता येईल. स्वतः त्याच्याजवळ मागंच उभे राहिले. मी केबिनमध्ये वैशालीशेजारी बसलो, अर्धा वळून, मागच्या काचेतून पाहत.

त्या कच्च्या वळणाचं काम अजून तसंच होतं, उलट आणखी खणलेलं. वैशालीनं गाडी अगदी हळू आत घातली. तिच्या ओठाच्या वर घाम आला होता. गाडी डावीकडं कलली. काचेतून मला पाखऱ्याचे मागचे पाय दिसले. ते फाकले, टेकले, थोडे सरकले आणि पुन्हा टेकले. गाडी सरळ आली आणि सरळच राहिली. दुसऱ्या बाजूला झोक गेला नाही. भाऊंचा हात त्याच्या वशिंडावर होता. मग आणखी एक खड्डा, मग चढ, आणि मग डांबरी रस्ता लागला.

"पडला का?" वैशालीनं समोर पाहतच विचारलं.

"उभा आहे."

बरंच अंतर गेल्यावर मी पुन्हा वळून पाहिलं तर पाखऱ्याचा जबडा हलत होता. खायला समोर काही नव्हतं. तो रवंथ करत होता. मला त्याचं विशेष वाटलं नाही. बैल म्हटल्यावर करणारच. पण मी तिला सांगितलं तसा तिनं एक हात सोडून डोळे पुसले. म्हणाली, "चाचा, घाबरलेलं जनावर रवंथ नाई करत."

थोड्या वेळानं आरशात पाहून ती दचकली. "बाबा दिसून नाई राहिले! चाचा, बाबा कुठी गेले?"

मी काचेला नाक लावून खाली पाहिलं. भाऊ कुटारावर बसले होते. पाठ केबिनला टेकलेली, पंचा मांडीवर, मान एका खांद्यावर कललेली. ते झोपले होते. त्यांच्या डोक्यावर बैलाचं तोंड संथपणे हलत होतं आणि गाडीबरोबर दोघंही एकाच चालीत किंचित डोलत होते.

"झोपलेत," मी म्हटलं.

"गाडीत?"

"गाडीत."

बैल पडल्यापासून ते धड झोपलेच नव्हते, आई सांगायची, असं ती म्हणाली. समोर एसटी आली, तिला तिनं हॉर्न न वाजवता वाट दिली. खड्डा दिसला की दुरूनच वेग कमी करायची, आणि ब्रेक इतका अलगद लावायची की मलाही कळत नव्हतं. मी आयुष्यभर गाड्या मऊ करत आलो, पण इतकी मऊ चालवलेली गाडी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

अकोट आलं. बाजाराच्या अलीकडं रस्त्याकडेला कडुनिंबाची सावली होती. तिनं तिथं गाडी घेतली आणि बंद केली. इंजिनाचा आवाज थांबला.

मागं हालचाल झाली. कुटार वाजलं. मग काचेवर बोटानं ठकठक, आणि भाऊंचा झोपेतला, जाड आवाज. निरोप माझ्याकडं द्यायचं ते या वेळी विसरले होते.

"वैशाली, कावून थांबवली वं? चांगली चालून राहिली होती. चालू दे न."

तिनं पुन्हा गाडी सुरू केली.